को-प्रोसेसरची मेमरी कुणाच्या नावावर: सांगलीतल्या एका कंपनमापकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कुपवाड एमआयडीसीतली एक छोटी कंपनी साखर कारखान्यांसाठी कंपनमापक बनवते. मिलच्या गिअरबॉक्सवर आणि टर्बाइनच्या बेअरिंगवर सेन्सर बसवायचे, कंपनं अखंड मोजायची आणि बेअरिंग बिघडू लागलं की वेळेत सांगायचं, हे त्या यंत्राचं काम. आमच्या भागात या कामाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. ऐन गळीत हंगामात मिल थांबली की गव्हाणीपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते, तोडलेला ऊस वाळत राहतो आणि त्यातली साखर तासागणिक घटते.

या कामात मी बाहेरचा तपासनीस होतो. कंपनीच्या परवानगीने, नावं आणि चिपचा मॉडेल क्रमांक गाळून हे लिहितो आहे.

यंत्राच्या चिपमध्ये लिनक्स चालवणारे दोन मोठे कोअर आहेत आणि त्यांच्या शेजारी एक छोटा रिअल-टाइम कोअर, म्हणजेच शीर्षकातला को-प्रोसेसर. छोटा कोअर चार सेन्सरचे नमुने सेकंदाला २५,६०० या वेगाने घेतो. लिनक्सची बाजू ते साठवते, त्यांचं विश्लेषण करते आणि मोडेमवरून पाठवते. छोट्या कोअरला मेमरी तीन ठिकाणची मिळते. त्याला अगदी चिकटून असलेल्या टीसीएमच्या ६४ केबीच्या दोन बँका, दोन्ही बाजूंना दिसणारी, चिपमधलीच २५६ केबीची एसरॅम आणि लिनक्स जिच्यावर चालतो त्या डीडीआरमधला (मुख्य मेमरीतला) एक तुकडा. नमुने या शेवटच्या तुकड्यातल्या ८ एमबीच्या वर्तुळाकार बफरमध्ये पडतात. दोन बाइटचा एक नमुना धरला तर चाळीसेक सेकंदांचा डेटा त्यात मावतो.

जुन्या बोर्डवर डीडीआर ५१२ एमबी होती. चिप बनवणाऱ्याकडून आलेल्या जुन्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) टीसीएमचे पत्ते ड्रायव्हरच्या सी फाइलमध्येच कोरलेले होते. डीडीआरचा शेवटचा १६ एमबीचा तुकडा लिनक्सपासून लपवायचा म्हणून बूटच्या ओळीत ‘मेम’ हा पर्याय ४९६ एमबीवर बांधला होता. नमुने वाचणारा प्रोग्राम देव-मेम (सगळी मेमरी थेट दाखवणारी फाइल) उघडून थेट त्या पत्त्यावरून वाचायचा. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला हार्डवेअरची ओळख करून देणाऱ्या झाडासारख्या वर्णनात, यातल्या कशाचाही उल्लेख नव्हता. तरीही सगळं दोन हंगाम बिनबोभाट चाललं.

अडचण

नव्या बोर्डवर १ जीबी डीडीआर आली. बूटची ओळ तशीच राहिल्यामुळे लिनक्सला निम्म्याहून अधिक मेमरी दिसेना. कुणीतरी ती ओळ पाहिली, जुनी राहून गेलेली मर्यादा समजून काढून टाकली आणि बदल बिल्डमध्ये गेला. बूट व्यवस्थित झाला, नमुने आले, चाचण्या पार पडल्या. छोट्या कोअरचं फर्मवेअर (त्यावर चालणारा प्रोग्राम) मात्र अजून जुन्याच पत्त्यावर लिहीत होतं, आणि आता तो पत्ता लिनक्सच्या लेखी मोकळ्या मेमरीचा भाग होता.

चाचणीच्या टेबलावर हे दिसलं नाही, कारण तिथे यंत्र थोडाच वेळ चालतं आणि १ जीबीतली बरीचशी मेमरी रिकामीच राहते. कारखान्यात यंत्र दिवसेंदिवस बंद होत नाही. पेज कॅशे (फाइलींच्या प्रती ठेवणारा मेमरीतला साठा) हळूहळू सगळी मेमरी व्यापते आणि केव्हातरी त्या १६ एमबीतली पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) वाटपात जातात. मग लॉगच्या फाइल मधूनच बिघडू लागल्या, कधी वेबचा प्रोग्राम कोसळू लागला. एका कारखान्याच्या मिल फोरमनचा फोन आला, “साहेब, मशीन चालू हाय, पर रिपोर्ट मधनंच फाटल्यावानी येतोय.”

पहिला संशय विजेवर गेला आणि त्यात गैर काही नव्हतं. मिल हाऊसमधला वीजपुरवठा किती गढूळ असतो ते तिथे काम केलेल्याला माहीत आहे. पॉवर सप्लायला फिल्टर लावले, साठवणीची चिप बदलून पाहिली. फरक पडला नाही.

कारण कसं सापडलं

टीममधल्या सर्वांत धाकट्या अभियंतीने एक बिघडलेली फाइल हेक्समध्ये (एकेक बाइट आकड्यांत) उघडली आणि खराब भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते मोजलं. तो बरोबर ४,०९६ बाइटचा होता आणि त्याच पटीच्या सीमेवर सुरू होत होता. कर्नलचं एक पान एवढंच असतं. विजेमुळे आलेला बिघाड सहसा अशा कडा पाळत नाही, पण साठवणीच्या चिपचे तुकडेही कधी एवढेच असतात, म्हणून नुसत्या आकारावरून निकाल लागत नव्हता. आतले आकडे तिने १६-१६ बिटांचे करून, चार-चारच्या गटात मांडून आलेख काढला, तर समोर गिअरबॉक्सची स्वच्छ लहर. ती वरिष्ठांकडे लॅपटॉप घेऊन गेली, “सर, ही फाइल खराब नाही झाली. ही आपलीच रीडिंग आहेत.”

या सबंध प्रकरणातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं काम हेच. बिघाडाच्या आत काय लिहिलं आहे ते वाचल्यावर दोषी कोण, हे विचारायला दुसरीकडे जावं लागलं नाही.

एक प्रश्न उरतो. कर्नलने हे होऊ कसं दिलं? एखाद्या ड्रायव्हरने आयोरीमॅप (पत्ता वापरायला मागण्याचं कर्नलचं फंक्शन) वापरून त्याच पत्त्याची मागणी केली असती, तर एआरएम प्रोसेसरवरचा कर्नल चालू रॅमचा पत्ता पाहून तिथेच नकार देता. पण वाचणारा प्रोग्राम देव-मेममधून जात होता आणि त्या कर्नलमध्ये देव-मेमवरचा कडक पहारा बंद होता. छोट्या कोअरला तर कुणाला विचारायचंच नसतं. त्याचं लिखाण लिनक्सच्या एमएमयूमधून (पत्ते तपासून बदलणाऱ्या भागातून) जातच नाही.

समोरचे पर्याय

हंगाम तोंडावर होता. सर्वांत सोपा पर्याय म्हणजे बूटची ओळ परत टाकणे. फर्मवेअर १ जीबीच्या टोकाला हलवून मर्यादा १,००८ एमबी केली असती तर आठवड्याभरात काम संपलं असतं. तात्पुरता उपाय म्हणून तो केलाही आणि कारखान्यांतली यंत्रं त्यावर सुरळीत झाली. पण कायमचा म्हणून नाकारला. ती ओळ कुणीतरी एकदा काढली होती, पुन्हा काढेल. ती कशासाठी आहे हे तिच्यावरून कळत नाही.

दुसरा पर्याय होता डीटीबीमधली (डिव्हाइस ट्रीच्या कंपाइल झालेल्या फाइलमधली) मेमरिझर्व्हची नोंद. कर्नल तो भाग वाटपात आणत नाही, पण आपल्या नेहमीच्या कॅशेड (जलद प्रत ठेवणाऱ्या) नकाशात तो ठेवतोच. एकाच मेमरीचे एकीकडे कॅशेड आणि दुसरीकडे अनकॅशेड असे दोन नकाशे एआरएमवर धोक्याचे असतात, कारण प्रोसेसर अंदाजाने आधीच वाचून ठेवतो. शिवाय या नोंदीत फक्त पत्ता आणि लांबी असते, मालकाचा रकानाच नसतो. सातबाऱ्यावर गट नंबर आणि क्षेत्र असावं, पण खातेदाराचं नाव कोरं असावं, तसं.

तिसरा पर्याय म्हणजे प्रत्येक बोर्डासाठी ड्रायव्हरमध्ये पत्त्यांचा वेगळा तक्ता. याची शिफारस टीममध्ये एकानेच केली आणि ती फारशी टिकली नाही.

चौथा म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये सगळं नीट मांडणे, त्यासाठी बाइंडिंगची (कुठलं हार्डवेअर झाडात कसं मांडायचं या नियमांची) स्कीमा लिहिणे आणि ती मूळ कर्नलमध्ये पाठवणे. याला वेळ लागणार होता. कंपनीला पुढच्या मोठ्या एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) कर्नलवर जायचंच होतं आणि आपले पॅच आपणच आयुष्यभर ओढत बसायचे नव्हते, म्हणून मालकांनी याला होकार दिला.

निर्णय पहिला: कुठली मेमरी कुठे लिहायची

सर्वांत जास्त चर्चा इथे झाली. झाली हे बरं झालं.

टीमच्या पहिल्या मसुद्यात टीसीएम, एसरॅम आणि डीडीआरचा तुकडा हे सगळं रिझर्व्हड-मेमरी (राखीव मेमरी) या नोडखाली, म्हणजे झाडाच्या फांदीखाली, होतं आणि को-प्रोसेसरच्या नोडमधून मेमरी-रीजन या प्रॉपर्टीने त्याकडे बोट दाखवलं होतं. त्यांनी हे मनाने केलं नव्हतं, कर्नलमध्येच तसा नमुना आहे. एसटीएम३२एमपी१५७ या चिपच्या झाडात छोट्या एम४ कोअरची ६४ केबीची रेटरॅम आणि तिची एसरॅम रिझर्व्हड-मेमरीखालीच मांडली आहे. रेटरॅम लिनक्सला हेक्समध्ये ३८०००००० या पत्त्यावर दिसते आणि एम४ ला शून्यावर. हा फरक बसच्या (चिपमधल्या डेटाच्या वाटेच्या) नोडवरच्या डीएमए-रेंजेस या प्रॉपर्टीत सांगितला आहे. मांडणी चालते, वर्षानुवर्षं चालली आहे.

पण आपल्या चिपला ती लागू आहे का? रिझर्व्हड-मेमरीचं बाइंडिंग २०१४ मध्ये ३.१५ कर्नलबरोबर आलं, आणि ते आलं सिस्टमच्या मुख्य मेमरीतून काही भाग बाजूला काढण्यासाठी. टीसीएम मुख्य मेमरीत मुळात नाहीच. जे लिनक्सच्या वाटपात कधी येणार नव्हतं, ते राखून काय ठेवायचं? पुनरावलोकनात हाच प्रश्न आला आणि त्याला उत्तर नव्हतं.

दुसरं कारण जास्त ठोस निघालं. या चिपमध्ये टीसीएमच्या दोन्ही बँकांना स्वतंत्र पॉवर डोमेन (वेगळे चालू-बंद होणारे वीजभाग) आहेत. वीज नसताना त्या बँकेला हात लावला की बस अडकते. रिझर्व्हड-मेमरीचे नोड कर्नल अगदी सुरुवातीला वाचतो, तेव्हा पॉवर डोमेनचा ड्रायव्हर जागाही झालेला नसतो. टीसीएम हा को-प्रोसेसरचाच अवयव आहे, त्याच्याबरोबर चालू होतो आणि त्याच्याबरोबर बंद होतो. म्हणजे तो को-प्रोसेसरच्या रेग प्रॉपर्टीत (जिथे पत्ता आणि आकार लिहितात) हवा, रेग-नेम्सने प्रत्येक बँकेला नाव देऊन.

झायलिंक्सच्या झिंकएमपी चिपच्या आर५ कोअरचा इतिहास इथे कामी आला. तिथे टीसीएमचे पत्ते आधी ड्रायव्हरमध्ये कोरलेले होते. त्या चिपमधली २५६ केबी टीसीएम दोन कोअर वेगवेगळे चालवले तर प्रत्येकी १२८ केबी अशी विभागते आणि लॉकस्टेपमध्ये (दोन्ही कोअर एकच काम जोडीने करताना) सगळी एकत्र होते. पुढे हे डिव्हाइस ट्रीमध्ये हलवलं गेलं. क्लस्टरच्या (दोन कोअरच्या गटाच्या) नोडवर रेंजेस (पत्त्यांचं भाषांतर), कोअरच्या रेगमध्ये त्या कोअरला दिसणारे स्थानिक पत्ते, आणि प्रत्येक बँकेचं पॉवर डोमेन. आमच्या टीमने हीच मांडणी घेतली. फर्मवेअर शून्य पत्ता धरून बांधलेलं (लिंक केलेलं) असतं, आणि लिनक्सने ते उतरवायचं झालं तर भलत्याच पत्त्यावर उतरवावं लागतं. हे भाषांतर आता झाडातच आहे, ड्रायव्हरला पाठ करावं लागत नाही.

एसरॅमचं उत्तर वेगळं निघालं. तिच्यातला एक भाग लिनक्सला ऑडिओच्या डीएमएसाठी (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवण्यासाठी) हवा होता, म्हणजे ती पूर्णपणे को-प्रोसेसरची नव्हती. तिला एमएमआयओ-एसरॅम असा स्वतःचा नोड दिला, आत भाग पाडले आणि को-प्रोसेसरकडून एसरॅम नावाच्या प्रॉपर्टीने त्याच्या वाट्याच्या भागाकडे निर्देश केला. टीआयच्या (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या) के३ चिपांच्या आर५ बाइंडिंगमध्ये ही पद्धत आधीपासून आहे.

रिझर्व्हड-मेमरीत शेवटी उरला तो फक्त डीडीआरचा तुकडा. तोच तिथला.

निर्णय दुसरा: डीडीआरच्या तुकड्याचं वर्णन

इथे तीन गोष्टी ठरवायच्या होत्या.

नो-मॅप (कर्नलने नकाशातच घेऊ नये) की रीयूजेबल (रिकामी असताना वापरावी)? दोन्ही एकत्र देता येत नाहीत. रीयूजेबल दिलं तर को-प्रोसेसर बंद असताना लिनक्स ती मेमरी हलवता येण्याजोग्या पानांसाठी वापरू शकतो. या यंत्रात छोटा कोअर बूटलोडरच सुरू करतो आणि तो कधी बंद होत नाही. म्हणून नो-मॅप.

पत्ता पक्का की कर्नलने निवडावा? रेगऐवजी फक्त आकार आणि अलाइनमेंट दिलं तर जागा कर्नल शोधतो. पण फर्मवेअर पक्क्या पत्त्यासाठी लिंक झालेलं आहे आणि ते लिनक्सच्या आधी चालू होतं. रेगच हवा.

तिसरी गोष्ट क्रमाची. मेमरी-रीजनच्या यादीत पहिलं काय, दुसरं काय? रिमोटप्रॉकचा (को-प्रोसेसर सांभाळणाऱ्या कर्नलच्या भागाचा) गाभा व्हीरिंग (निरोपांच्या रांगा) आणि बफर यांचे तुकडे ठरावीक नावांनी शोधतो आणि काही ड्रायव्हर ती नावं थेट नोडच्या नावावरून घेतात. टीमचा पहिला ड्रायव्हर तसाच होता. मी त्याला विरोध केला. नोडचं नाव माणसाच्या वाचण्यासाठी असतं, ते कुणी सहज सुधारलं तर यंत्र बंद पडता कामा नये. शेवटी के३ प्रमाणे क्रम स्कीमातच बांधला. पहिला भाग व्हीरिंग आणि बफरच्या डीएमएसाठी, दुसरा फर्मवेअरच्या तुकड्यांसाठी, पुढचे असल्यास अतिरिक्त. आज ठरलेला क्रम उद्या उलटवता येणार नाही, कारण बाइंडिंग ही एबीआय (बाहेरच्यांशी केलेला कायमचा करार) आहे आणि बाहेर गेलेली जुनी डीटीबी नव्या कर्नलवरही चालली पाहिजे. भर टाकायची तर यादीच्या शेवटीच.

आकाराचा मुद्दा स्कीमातून मुद्दाम बाहेर ठेवला. आरपीएमएसजीचा (दोन्ही बाजूंमधल्या निरोपांच्या पद्धतीचा) एक बफर ५१२ बाइटचा असतो, त्यातले १६ हेडरचे. बफर किती हे फर्मवेअरच्या रिसोर्स टेबलमधल्या व्हीरिंगच्या नोंदींवर ठरतं, कमाल दोन्ही दिशा मिळून ५१२, म्हणजे २५६ केबी. एसटीएम३२एमपी१५७ च्या बोर्डवर प्रत्येक दिशेला १६ धरले की बरोबर १६ केबी होतात आणि तिथे तेवढाच तुकडा राखलेला असतो. हा आकडा फर्मवेअरबरोबर बदलतो. तो बोर्डाच्या डीटीएसमध्ये (डिव्हाइस ट्रीच्या मूळ फाइलमध्ये) राहिला. टीसीएम आणि एसरॅम चिपच्या डीटीएसआयमध्ये (सगळ्या बोर्डांच्या सामाईक फाइलमध्ये) गेले, कारण ते सिलिकॉनमध्ये आहेत आणि कुठल्याही बोर्डवर तेच राहणार.

अंमलबजावणी

बाइंडिंगचा पॅच आधी, ड्रायव्हरचा त्यानंतर, असा क्रम ठेवला. स्कीमा याम्ल या मजकुरी स्वरूपात, प्रत्येक रेगच्या आणि मेमरी-रीजनच्या ओळीला वर्णन, अनोळखी प्रॉपर्टीला मज्जाव आणि खाली खरोखर कंपाइल होणारं उदाहरण.

डीटी-बाइंडिंग-चेकने उदाहरण तपासलं, डीटीबीएस-चेकने बोर्डाची फाइल. दुसऱ्या तपासणीने लगेच एक चूक पकडली. मूळ नोडवर पत्त्याचे सेल (पत्ता लिहायला लागणारे ३२ बिटी आकडे) दोन होते आणि रिझर्व्हड-मेमरीचा नोड एका सेलच्या चिपवरून उचलला होता. या नोडचे सेल मूळ नोडसारखेच असावे लागतात आणि रेंजेस रिकामी. एवढं न जुळल्यास कर्नल तो नोडच अमान्य ठरवून सोडून देतो आणि काहीच राखलं जात नाही.

ड्रायव्हरमध्ये टीसीएमचा नकाशा राइट-कंबाइन (लिखाण एकत्र करून पाठवणाऱ्या) प्रकारचा केला. साधा डिव्हाइस प्रकारचा नकाशा ठेवून ६४ बिटी एआरएमवर मेमसेट (मेमरी भरणारं फंक्शन) चालवलं तर कर्नल अलाइनमेंटची चूक देऊन कोसळू शकतो, कारण मेमसेट कॅशेची शून्य-ओळ करणारी सूचना वापरतं आणि ती डिव्हाइस मेमरीवर चालत नाही. टीसीएमला ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करणारी सोय) असल्याने लिनक्सने फर्मवेअर उतरवायचं झालं तर आधी शून्य भरावंच लागतं, तेव्हा हा प्रसंग टळणारा नव्हता.

देव-मेमवरचा कडक पहारा चालू केला. वाचणाऱ्या प्रोग्रामला आता ड्रायव्हरच नमुन्यांचा बफर देतो.

परिणाम

बॉयलर पेटण्याआधी नवी इमेज कारखान्यांत गेली. बूटच्या लॉगमध्ये राखलेल्या मेमरीच्या ओळी दिसतात, डीबगएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींत) रिमोटप्रॉकखाली कार्व्हआउटची (बाजूला काढलेल्या तुकड्यांची) यादी दिसते आणि तिथले पत्ते डीटीएसशी पडताळता येतात. हंगामभर फाटलेला रिपोर्ट आला नाही. बाइंडिंग काही फेऱ्यांनंतर स्वीकारलं गेलं.

एक गोष्ट मात्र निसटली होती. यंत्रात बचावाची वेगळी इमेज असते, मुख्य इमेज बिघडली तर बूटलोडर तिच्यावर जातो. तिच्यासोबतची डीटीबी जुनीच होती आणि बूटच्या ओळीतली तात्पुरती मर्यादा तर आता निघाली होती. एका कारखान्यात वीज गेल्यावर यंत्र बचाव इमेजवर उठलं, छोटा कोअर बूटलोडरने नेहमीप्रमाणे सुरू केला आणि जुना बिघाड पुन्हा उभा राहिला. या वेळी कारण ओळखायला वेळ लागला नाही. आता बूटलोडर आधी डीटीबीत तो राखीव नोड आहे का ते पाहतो. नसेल तर छोटा कोअर सुरूच करत नाही आणि पडद्यावर तसं स्पष्ट लिहितो.

वेगळं काय करता आलं असतं

मेमरीचा नकाशा फर्मवेअर लिहिण्याआधी कागदावर हवा होता. प्रत्येक तुकड्यासाठी लिनक्सला दिसणारा पत्ता, छोट्या कोअरला दिसणारा पत्ता, आकार, मालक, वीज कुठून आणि लिनक्सच्या आधी तो वापरात येतो का, असे रकाने. हा तक्ता असता तर टीसीएम रिझर्व्हड-मेमरीत टाकण्याचा मसुदा निघालाच नसता. पॉवर डोमेनच्या रकान्याने तो तिथेच अडवला असता.

लिंकर स्क्रिप्ट (फर्मवेअरचे पत्ते ठरवणारी) आणि डीटीएस या दोन फाइलींत एकच आकडा दोनदा लिहिला जातो, ही खरी दुखरी जागा आहे. न जुळल्यास रिमोटप्रॉक फर्मवेअर उतरवताना तक्रार करतो, पण तो उतरवणार असेल तरच. इथे ते काम बूटलोडर करतो. टीमने आता बिल्डमध्ये एक तपासणी घातली आहे. फर्मवेअरच्या ईएलएफमधला (तयार फाइलमधला) प्रत्येक तुकडा डीटीएसमधल्या कुठल्या ना कुठल्या भागात बसतो का, हे ती पाहते आणि न बसल्यास बिल्ड थांबवते. मी असतो तर बचाव इमेजची डीटीबीही पहिल्या दिवसापासून त्याच तपासणीतून नेली असती.

देव-मेमचा पहारा उत्पादनाच्या पहिल्या कर्नलपासून चालू हवा होता. तो असता तर बूटची ओळ काढल्याक्षणी वाचणारा प्रोग्राम टेबलावरच बंद पडला असता आणि फोरमनचा फोन आला नसता.

एक मुद्दा अजून उघडा आहे. नमुन्यांचा ८ एमबीचा बफर सध्या फर्मवेअरच्या तुकड्यातच आहे. पुढच्या बोर्डवर सेन्सर आठ होतील, तेव्हा त्याला मेमरी-रीजनच्या यादीत तिसरी जागा द्यावी असं टीमचं मत आहे. माझं मत आहे की तो नेहमीच्या डीएमए बफरच्या मार्गाने लिनक्सने वाटावा आणि त्याचा पत्ता आरपीएमएसजीवरून छोट्या कोअरला कळवावा, म्हणजे झाडात त्याची नोंदच लागणार नाही. तसं करायचं तर छोट्या कोअरला लिनक्स उठेपर्यंत थांबावं लागेल, आणि टर्बाइन सुरू होतानाची पहिली कंपनं टिपायची असतील तर ते परवडत नाही. पुढच्या हंगामाआधी दोन्ही पद्धती मिल हाऊसमध्ये लावून पाहायचं ठरलं आहे.